सही मिस्टरांची, ऑपरेशन ताईचं: सांगली-मिरजेतल्या डॉक्टरांना खुलं पत्र

सांगली, मिरज, कुपवाड आणि जिल्ह्यातल्या सगळ्या तालुक्यांत प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांना, तुमच्या संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना आणि हॉस्पिटलं चालवणाऱ्या मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी तासगाव तालुक्यातली. घरी द्राक्षबाग आहे, मी एका पतसंस्थेत कामाला आहे. डॉक्टर नाही, वकील नाही, कुठल्या पक्षात नाही. माझी थोरली बहीण, तिला इथं नुसतं ताई म्हणते, तिचं मिरजेत ऑपरेशन झालं, वय ३८. गर्भाची पिशवी काढायची म्हणून नेलं होतं आणि पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं पण काढली. अंडाशयं काढलीत हे ताईला कळलं काही महिन्यांनी, ते पण दुसऱ्याच एका डॉक्टर मॅडमनी तिचं डिस्चार्ज कार्ड वाचून सांगितलं तेव्हा. मग आम्ही त्या हॉस्पिटलात गेलो, लेखी अर्ज दिला, केस पेपर मागितले, तर काउंटरवरच उत्तर मिळालं की पेशंटच्या मिस्टरांची सही आहे, फॉर्म पूर्ण आहे, आमच्याकडून विषय संपलाय.

आमच्याकडून संपलेला नाही, म्हणून हे पत्र.

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की सगळी चर्चा त्या एका नावाभोवती फिरणार आणि बाकीचे म्हणणार आमच्याकडं असलं काही होत नाही. पण मी आमच्या गल्लीतल्या, बेदाणा शेडवरच्या, बचत गटातल्या बायकांशी बोलले तर बहुतेकींकडं असाच एखादा किस्सा निघाला, हॉस्पिटल वेगळं, गाव वेगळं, कुणाची पिशवी, कुणाचं सिझर, कुणाच्या सासऱ्यांची अँजिओप्लास्टी, आणि सगळ्यात एक गोष्ट सारखी, ज्याच्या अंगावर ब्लेड चालणार होतं त्याला सोडून बाकी सगळ्यांना माहीत होतं. हे पत्र ताईला वाचून दाखवलंय, तिला विचारूनच टाकतेय.

आधी काय झालं ते सांगते. ताईच्या अंगावरून बरेच दिवस खूप जायचं. फळछाटणीच्या दिवसांत बागेत उभं राहायची ताकद नसायची, एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन, सातवर आलेलं. सोनोग्राफी केली, गाठ निघाली, फायब्रॉइड. इथपर्यंत सगळं व्यवस्थित. त्यानंतर ताईला बाहेर बाकावर बसवलं आणि दाजींना केबिनमध्ये बोलावलं. गाठ आहे, दोन मुलं झालीत, आता पिशवीचं काम नाही, ठेवली तर पुढं कॅन्सरचा धोका, काढून टाकू. दाजी घाबरले, कुणीही घाबरेल. बाहेर येऊन ताईला म्हणाले, ऑपरेशन करायचंय. ऑपरेशनच्या आदल्या रात्री सिस्टर फॉर्म घेऊन आल्या, सगळा इंग्रजीत, इथं सही करा, इथं करा, आणि इथं. दाजी दहावी झालेत, रोज पेपर वाचतात, पण तो फॉर्म त्यांना वाचता येणार नाही हे देणाऱ्यालाही दिसत होतं. ताई तिथंच कॉटवर बसलेली, शुद्धीत, बोलती-चालती. तिच्या हातात कुणी पेन दिलं नाही.

ऑपरेशन वाईट झालं असं माझं म्हणणं नाही. टाके नीट भरले, रक्त जायचं थांबलं, बायोप्सीत साधी गाठ निघाली, कॅन्सर नव्हता. पण नंतर ताईच्या अंगातून वाफा निघायला लागल्या, रात्र रात्र झोप नाही, सांधे धरायला लागले, चिडचिड व्हायची, आणि घरातल्यांना वाटायचं ऑपरेशन तर झालं, आता काय रडगाणं लावलंय. तिलाही तसंच वाटायचं हे जास्त वाईट. त्या दुसऱ्या मॅडमनी कार्ड बघून सांगितलं की अंडाशयं काढली की पाळी जायची वाट बघावी लागत नाही, शरीर एका दिवसात तिथं पोचतं. आपल्याकडं बायकांची पाळी साधारण ४५ ते ४८ च्या आसपास जाते, ताईची ३८ व्या वर्षी गेली, म्हणजे तेवढी वर्षं हाडं आणि हृदय यांना जे संरक्षण मिळालं असतं ते मिळणार नाही, त्यासाठी हार्मोनची गोळी चालेल का हे बघायला हवं होतं, कॅल्शियम, व्यायाम, तपासण्या, हे डिस्चार्जच्या दिवशीच सांगायला हवं होतं. डिस्चार्जच्या दिवशी सांगितलं होतं, जड उचलू नका आणि टाके दाखवायला या.

आता मला तुमच्यापुढं जे मांडायचंय ते असं, की ताईला विचारलं असतं तर कदाचित तिनं हेच ऑपरेशन निवडलं असतं. खरंच निवडलं असतं, ती म्हणते तसं. रोजच्या रक्त जाण्यानं ती कंटाळली होती. पण तिच्यापुढं रस्ते किती होते हे तिला सांगितलंच गेलं नाही. रक्तस्राव कमी करायच्या गोळ्या असतात, हार्मोनच्या गोळ्या असतात, पिशवीत बसवायचं हार्मोनचं साधन असतं, मिरेना नावानं मिळतं, ते पाच वर्षं आणि त्याच्यापुढंही चालतं आणि बऱ्याच जणींचं जाणं त्यानं खूप कमी होतं. नुसती गाठ काढून पिशवी ठेवता येते. पाळी गेल्यावर फायब्रॉइड बहुतेक वेळा आपोआप आकसतात, म्हणजे काही जणींना औषधावर थोडी वर्षं काढणं हा पण एक रस्ता असतो. पिशवी काढली तरी अंडाशयं चांगली असतील तर ती ठेवता येतात. काढण्यातही फायदा असतो, अंडाशयाच्या कॅन्सरची शक्यता कमी होते, घरात तसा इतिहास असेल तर काढणंच शहाणपणाचं असू शकतं. हे सगळं मला आता कळलंय, दुसऱ्या मॅडमकडून आणि स्वतः वाचून. ताईच्या गाठीला यातलं काय लागू होतं आणि काय नव्हतं हे तुम्हीच सांगणार, ते शिक्षण तुमचं, त्यात आम्ही पडत नाही. पण पुढची चाळीस वर्षं त्या शरीरात राहणार ताई. गोळ्या घेऊन थांबायचं की एकदाच काय ते मोकळं व्हायचं हे तिनं ठरवायचं, आणि ठरवायला तिला कळायला तर पाहिजे.

बागेवर फवारणी करायची तर आमचा सल्लागार काय मारायचं, का मारायचं, नाही मारलं तर काय होईल आणि काढणीच्या किती दिवस आधी बंद करायचं हे सगळं सांगतो आणि मग म्हणतो, बघा, बाग तुमची आहे. आमच्या बायकांच्या शरीराला एवढं तरी मिळावं.

कायद्याचं बोलायचं नव्हतं मला, पण "सही आहे, विषय संपला" असं उत्तर आलं म्हणून शोधलं, आणि जे सापडलं ते तुमच्या सगळ्यांच्या वाचनात असणारच. १६ जानेवारी २००८ ला सुप्रीम कोर्टानं समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या केसचा निकाल दिला. दिल्लीतली ४४ वर्षांची बाई, १९९५ साली रक्तस्रावाची तक्रार घेऊन गेली, दुर्बिणीनं तपासणी करायची म्हणून भूल दिली, ती बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची सही घेतली आणि पिशवी, अंडाशयं सगळं काढलं. कोर्टानं सांगितलं की तपासणीची परवानगी म्हणजे उपचाराची परवानगी होत नाही, पेशंट सज्ञान आहे, जिवाला तातडीचा धोका नाही, तर ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायचं आणि तिलाच विचारायचं, आईची सही चालत नाही. आणि काय काय सांगायचं तेपण कोर्टानं लिहून ठेवलंय. उपचार काय आहे आणि कशासाठी, त्याचा फायदा आणि परिणाम काय, दुसरे पर्याय असतील तर कुठले, मोठे धोके कुठले, आणि नाही केलं तर काय होईल. बारीकसारीक दुर्मिळ धोक्यांची यादी वाचून पेशंटला घाबरवायची गरज नाही असंही कोर्ट म्हणतं, म्हणजे तुमची बाजू पण त्यात धरलीय. यापेक्षा साधं काय असू शकतं?

दुसरं, तुमच्या मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत, ७.१६ मध्ये, ऑपरेशनआधी लेखी परवानगी कुणाची घ्यायची तिथं नवरा किंवा बायको असा उल्लेख आहे आणि बहुतेक हॉस्पिटलं त्याच्याच जोरावर मिस्टरांची सही पुरेशी धरतात असं मला सांगितलं गेलं. पण त्याच कलमात पुढं लिहिलंय की ज्या ऑपरेशननं मूल होणं बंद होऊ शकतं त्याला नवरा आणि बायको दोघांची परवानगी लागते. दोघांची. पिशवी काढल्यावर मूल होत नाही हे सांगायला डॉक्टर लागत नाही. मग ज्या नियमाचा आधार घेतला त्या नियमानंसुद्धा ताईची सही पाहिजेच होती. गर्भपाताच्या कायद्यात तर सज्ञान बाईची स्वतःची परवानगी पुरते, नवऱ्याची लागत नाही, आणि तरी कितीतरी ठिकाणी मिस्टरांना घेऊन या म्हणून बायकांना परत पाठवतात. आमच्या बचत गटातल्या एकीबरोबर झालंय हे.

केस पेपरचं. तेच २००२ चे नियम सांगतात की पेशंटनं किंवा त्याच्या अधिकृत माणसानं मागितले तर ७२ तासांच्या आत द्यायचे, आणि तीन वर्षं जपून ठेवायचे. आम्ही मागितले तेव्हा पहिला प्रश्न आला, कशाला पाहिजेत, केस करायचीय का? मग साहेब नाहीत, मग रेकॉर्डवाला सुट्टीवर. अहो, ताईला पुढच्या डॉक्टरांना दाखवायचंय की आत नेमकं काय केलंय, यात केस कुठून आली? कागद लपवले की माणसाला संशय येतोच, आणि एकदा संशय आला की चांगल्या केलेल्या कामावरही विश्वास राहत नाही.

कॅन्सरची भीती. ही माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे आणि मी ती ठासून लिहिणार. बहुतेक फायब्रॉइड कॅन्सर नसतात आणि कॅन्सर होतही नाहीत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची शंका असेल तर पॅप टेस्ट आहे, बायोप्सी आहे. खरंच शंका असेल तर स्पष्ट सांगा, त्यासाठी तर तुमच्याकडं येतो. पण "पुढं कॅन्सर होऊ शकतो" हे एक वाक्य केबिनमध्ये उच्चारलं की त्या घरात पुढचा एकही प्रश्न विचारला जात नाही, दागिने गहाण पडतात आणि ऑपरेशनची तारीख ठरते. बीडचं तुम्ही वाचलंच असेल, २०१९ मध्ये सरकारनं ऊसतोड करणाऱ्या ८२ हजार ३०९ बायकांची पाहणी केली तर त्यातल्या १३ हजार ८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. त्या बायका परक्या नाहीत, दरवर्षी कोयता घेऊन आपल्या सांगली, सातारा, कोल्हापूरच्या फडात येतात, आपल्या कारखान्यांचा ऊस त्या तोडतात. पुढं २०२३ साली सुप्रीम कोर्टानंही विनाकारण पिशव्या काढण्याबद्दल सगळ्या राज्यांना केंद्राच्या मार्गदर्शक सूचना लागू करायला सांगितलं. म्हणजे मी काही एकट्या माझ्या बहिणीचं रडत नाहीये.

आणि प्रश्न विचारल्यावर येणारा राग. "गुगल वाचून आलाय का", "डॉक्टर तुम्ही की मी", "विश्वास नसेल तर दुसरीकडं न्या". दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं म्हटलं की रिपोर्ट द्यायला टाळाटाळ. गावाकडचा माणूस आधीच दबून बसलेला असतो, चप्पल बाहेर काढून आत येतो, त्याला पहिल्या प्रश्नालाच असं उत्तर मिळालं की तो गप्प होतो, मान हलवतो, आणि तुम्हाला वाटतं समजलं. बाहेर आल्यावर मेडिकलवाल्याला विचारतो, डॉक्टर काय म्हणाले हो?

आता तुमची बाजू. ती मला दिसते, आणि त्यातलं बरंचसं खरं आहे. ओपीडीत बाहेर साठ माणसं बसलेली असतात, सिव्हिलला तर त्याहून जास्त, एका पेशंटला पाच मिनिटं मिळणं मुश्कील. पेशंट स्वतःच म्हणतो तुम्ही बघा काय ते साहेब, आम्हाला काय कळतंय. एका पेशंटबरोबर सात नातेवाईक आणि सातही जण वेगवेगळं विचारणार. ग्राहक कोर्टाची टांगती तलवार १९९५ पासून आहेच. आणि मारहाण. २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात एका निवासी डॉक्टरला जमावानं इतकं मारलं की त्याच्या डोळ्याला जबर इजा झाली, त्यानंतर राज्यभर डॉक्टरांनी काम बंद ठेवलं होतं. असल्या मारहाणीसाठी आपल्या राज्यात २०१० पासून वेगळा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड. हॉस्पिटल फोडणाऱ्याला, डॉक्टरवर हात टाकणाऱ्याला कसलीही सहानुभूती नको, तो आमचा माणूस असला तरी नको, हे मी इथं स्वच्छ लिहिते.

पण डॉक्टरसाहेब, ती गर्दी कशामुळं भडकते ते पण बघा की. सकाळी सगळं ठीक आहे म्हणाले आणि संध्याकाळी पेशंट गेला, मधल्या वेळात काय झालं, धोका किती होता हे कुणी सांगितलंच नाही, तेव्हा माणसं बिथरतात. तो हात उगारणं चूकच, पण ज्या घराला आधीच बसवून सांगितलेलं असतं की वाचायची शक्यता कमी आहे, आम्ही हे हे करतोय, त्या घरातली माणसं रडतात आणि डॉक्टरांच्या पाया पडून घरी जातात, असं मी आमच्याच गावात बघितलंय.

वेळ नाही म्हणता त्यावर एक अनुभव सांगते. आमच्या तात्यांना चढ चढताना छातीत दुखायचं. सांगलीतल्या एका डॉक्टरांनी अँजिओग्राफी केली, एक ब्लॉक निघाला. त्यांनी तात्यांनाच समोर बसवलं, आम्हाला मागं, आणि लेटरपॅडच्या मागच्या बाजूला हृदयाचं चित्र काढून सांगितलं की तात्या, तुमचं दुखणं एका ठरलेल्या मापात आहे, हा अ‍ॅटॅक नाही, अशा वेळी स्टेंट घातली तर दुखणं लवकर कमी होईल, पण औषधं नीट घेतली तर जगण्याच्या बाबतीत फार फरक पडत नाही, मुख्य नस असती तर मी हे बोललो नसतो, अचानक बसल्या जागी दुखायला लागलं तर मात्र एक मिनिट थांबायचं नाही, थेट यायचं. मग विचारलं, तुम्हाला रोजचं काय काय करायला जमलं पाहिजे? तात्या म्हणाले, मला बागेत एक फेरी मारता आली की बास. मग डॉक्टर म्हणाले, आता मी काय सांगितलं ते तुम्ही मला सांगा. तात्यांनी सांगितलं, एका ठिकाणी चुकले, त्यांनी परत समजावलं. घरी जाऊन विचार करा म्हणाले. दहा मिनिटंसुद्धा लागली नसतील. तात्यांनी औषधं निवडली आणि एक दिवस गोळी चुकवत नाहीत, कारण निर्णय त्यांचा आहे. उद्या ते डॉक्टर म्हणाले की आता बायपासच करावं लागेल तर तात्या दुसरा शब्द बोलणार नाहीत. मला सांगा, कुठल्या डॉक्टरचा वेळ वाचला?

मिरजेचं नाव उगाच झालेलं नाही. १८९४ साली मिशनच्या डॉ. विल्यम वानलेस यांनी इथं हॉस्पिटल उभं केलं, १९६२ ला सरकारी मेडिकल कॉलेज आलं, आणि आज अथणी, जमखंडी, चिक्कोडी, विजापूरपासून माणसं पेशंटला घेऊन मिरज जंक्शनला उतरतात. माझी आजी म्हणायची, मिरजेला नेलाय म्हणजे आता काळजी नाही. हा विश्वास पिढ्यांनी कमवलेला आहे. २०१७ मध्ये म्हैसाळला ओढ्याकाठी बेकायदा गर्भपातातले १९ भ्रूण सापडले तेव्हा तुमच्यातल्या चांगल्या डॉक्टरांनाही किती त्रास झाला असेल याची कल्पना आहे, एका माणसाच्या पापानं सगळ्यांकडं संशयानं बघितलं गेलं. तेवढ्या मोठ्या गुन्ह्यानं विश्वास जातो तसाच तो आदल्या रात्रीच्या इंग्रजी फॉर्मनं पण जातो, फक्त त्याची बातमी होत नाही.

म्हणून मागण्या लिहिते. यातल्या कशालाही मोठा खर्च नाही.

ठरवून करायच्या प्रत्येक ऑपरेशनचा फॉर्म मराठीत पाहिजे, आणि मिरजेत तर कन्नड, उर्दू आणि हिंदीतही. तो फॉर्म आदल्या रात्री कॉटवर नाही, ऑपरेशन ठरेल त्या दिवशी हातात द्या, घरी नेऊ द्या. कोर्टानं सांगितलेल्या गोष्टी त्यात साध्या शब्दांत असाव्यात आणि कुठला अवयव काढणार, कुठला ठेवणार हे वेगळ्या ओळीत लिहिलेलं असावं.

पेशंट सज्ञान आणि शुद्धीत असेल तर सांगायचं पेशंटला आणि सही पेशंटची. नवरा, मुलगा, सासू यांना पेशंटला पाहिजे असेल तर बोलवा. बाईला दोन मिनिटं एकटीला विचारा, कारण सगळ्यांसमोर ती बोलणार नाही हे तुम्हालाही माहीत आहे. अंगठा असेल तर वाचून दाखवा आणि वाचून कुणी दाखवलं त्याचं नाव लिहा.

ऑपरेशन चालू असताना नवीन काही सापडलं आणि जिवाला धोका नसेल तर थांबा. धोका असेल तर जे करायचं ते करा, नंतर पेशंटला स्वतः येऊन सांगा.

डिस्चार्ज कार्डावर शेवटी चार ओळी मराठीत, काय केलं, काय काढलं, पुढं काय त्रास होऊ शकतो, कधी लगेच यायचं. केस पेपर मागितले तर ७२ तासांत, कारण न विचारता. दुसरं मत घ्यायचं म्हटलं तर रिपोर्ट हसतमुखानं.

जानेवारी २०२१ पासून राज्याच्या नर्सिंग होमच्या सुधारित नियमांनुसार रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे, आणि तक्रारीसाठी स्थानिक यंत्रणेनं टोल फ्री नंबर आणि कक्ष ठेवायचाय. ती सनद लिफ्टच्या मागं किंवा कुंडीच्या आड नको, रिसेप्शनला, मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात लावा, तक्रारीच्या नंबरसकट. महापालिका हद्दीत पालिकेच्या आरोग्य विभागानं हे फिरून बघावं ही विनंती त्यांनाही करतेय.

आणि ताईच्या बाबतीत, तिच्या सगळ्या कागदांची प्रत आणि ज्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं त्यांनी तिच्याशी समोर बसून एकदा बोलणं, अंडाशयं काढायचं का ठरलं ते सांगणं. पैसे मागत नाही. ती मॅनेजमेंट हे पत्र वाचेल आणि त्यांना कळेल कुणाबद्दल आहे.

आमच्या बाजूनं काय ते पण लिहिते, नुसतं मागणं बरं नाही. आमच्या तालुक्यातल्या काही बचत गटांनी ठरवलंय की दवाखान्यात जाताना जुने कागद आणि चालू असलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या, आयुर्वेदिक किंवा कुणी सांगून घेतलेल्यासुद्धा, पिशवीत घालून न्यायच्या आणि लपवायचं नाही. प्रश्न आधी वहीत लिहून न्यायचे. पेशंट आणि त्यानं निवडलेला एकच माणूस बोलणार, बाकीचे बाहेर. चोरून रेकॉर्डिंग करायचं नाही. फॉर्म मराठीत करायला मदत लागली तर आमच्यात दोन शिक्षिका आहेत, एकजण कोर्टात टायपिंग करते, आम्ही फुकट करून देऊ, डॉक्टरांनी फक्त वैद्यकीय भाग तपासून द्यावा. आणि कुठल्या डॉक्टरवर हात उगारला गेला तर आम्ही बायका तुमच्या गेटसमोर येऊन उभ्या राहू, हा शब्द आहे.

संघटनांना विनंती की येत्या महिन्याभरात एक बैठक लावा, सांगलीत लावा, मिरजेत लावा, हॉल नसेल तर आमच्या पतसंस्थेचा हॉल बघते. दुपारी तीननंतरची वेळ ठेवा, सकाळी बागेची कामं असतात. स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि वॉर्डातल्या सिस्टर असे तिघंही असावेत, कारण फॉर्म शेवटी सिस्टरच्याच हातून येतो आणि बोलणी त्यांनाच खावी लागतात. ताई येणार आहे आणि ती स्वतः बोलणार आहे. उत्तर इथं खाली दिलं तरी चालेल, पण जे काही ठरेल ते मराठीत लेखी द्या.

आपली नम्र,
ताईची धाकटी बहीण
ता. तासगाव, जि. सांगली